व्हीबी सिक्सचं सॉफ्टवेअर ओसीएक्स रजिस्टर न करता मॅनिफेस्टवर चालवायचंय, कोणी केलंय का?

काटापट्टी_नाशिक

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे पण पूर्ण वाचून सांगा प्लीज. आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे, व्हीबी सिक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मधलं, पिंपळगाव लासलगाव पट्ट्यातले कांद्याचे व्यापारी आणि इकडे सातपूर अंबडला काही कारखाने वापरतात. काम म्हणाल तर भरलेला ट्रॅक्टर काट्यावर आला की इंडिकेटर सिरियल पोर्टवर वजन पाठवतो ते पकडायचं, मग ट्रॅक्टर खळ्यावर खाली होऊन परत आला की रिकामं वजन घ्यायचं, निव्वळ काढायचं, पावती छापायची. डेटा अ‍ॅक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये. कंपोनंट म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या वेगळ्या फाइली, सिरियलसाठी एमएसकॉम३२ ओसीएक्स (ओसीएक्स म्हणजे फॉर्मवर ठेवायच्या कंट्रोलची फाइल), ग्रिडसाठी एमएसफ्लेक्सग्रिड, टूलबारसाठी एमएसकॉमसीटीएल आणि पावतीसाठी आमची स्वतःची एक अ‍ॅक्टिव्हएक्स डीएलएल.

आजवर सेटअप द्यायचो, तो विंडोजच्या रेगएसव्हीआर३२ कमांडने सगळं रजिस्टर करायचा, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवायचा, विषय संपला. आता सातपूरच्या एका कारखान्याने सगळे पीसी बदललेत, विंडोज ११, ऑपरेटरला अ‍ॅडमिन राइट्स नाहीत, आणि त्यांच्या आयटीवाल्यांचं म्हणणं की रजिस्ट्रीत लिहिणारा सेटअप चालणार नाही, नुसतं फोल्डर कॉपी करून चालत असेल तर द्या. फोल्डर कॉपी केलं तर रनटाइम एरर ३३९, एमएसकॉम३२ रजिस्टर नाही. ऑपरेटरच्या लॉगिनमधून हाताने रजिस्टर करायला गेलं तर आमच्या डीएलएलला ८००२८०१सी कोड येतो.

पिंपळगावला वेगळाच त्रास. तिथल्या पीसीवरून दुसऱ्या कोणाचं तरी बिलिंगचं सॉफ्टवेअर काढलं तर त्याचा अनइन्स्टॉलर जाता जाता एमएसकॉमसीटीएलचं रजिस्ट्रेशनच पुसून गेला आणि ऐन लिलावानंतर आमचा काटा बंद. बाहेर ट्रॅक्टरची रांग, शेतकरी पहाटेपासून आलेला, आणि आम्ही फोनवर कमांड टाइप करायला सांगतोय. हे मला आता कायमचं थांबवायचंय.

मॅनिफेस्ट फाइल, म्हणजे प्रोग्रॅमला काय काय लागतं त्याची एक्सएमएल यादी, ठेवली तर रजिस्टर न करता कंपोनंट चालतात असं वाचलं, म्हणून एक्झीच्या शेजारी एक्झीच्याच नावाची मॅनिफेस्ट फाइल ठेवली, तर आता प्रोग्रॅम उघडतच नाही, एरर येते की साइड बाय साइड कॉन्फिगरेशन चुकीचं आहे, १४००१. यात नक्की काय काय लिहावं लागतं, आमच्या स्वतःच्या डीएलएललाही चालतं का, आणि पुढे काही त्रास होतो का ते सांगा. नव्याने डॉटनेटमध्ये लिहायचं काम चालू आहे, पण लाल कांद्याची आवक सुरू झाली की काटा बंद ठेवता येत नाही, त्यामुळे तोवर हेच नीट चालवायचंय.

गोदाकाठ

भाऊ जमेल, आणि तुमच्या केसला हाच मार्ग बरोबर आहे. ही सोय विंडोज एक्सपीपासून आहे, म्हणजे २००१ पासून, नवीन काही नाही, फक्त आपल्याकडे सगळे सेटअपवर भागवायचे म्हणून कोणी फारसं वापरलं नाही.

आधी होतं काय ते समजून घ्या म्हणजे एरर वाचायला सोपं जाईल. तुमचा प्रोग्रॅम जेव्हा म्हणतो की मला अमुक सीएलएसआयडीचा, म्हणजे अमुक ओळख क्रमांकाच्या कंपोनंटचा, ऑब्जेक्ट दे, तेव्हा विंडोज रजिस्ट्रीत बघतं की या नंबरची डीएलएल कुठे ठेवलीये. रजिस्ट्री म्हणजे तलाठ्याचं दप्तर धरा, नोंद तिथे असेल तरच जमीन तुमची, आणि दुसऱ्याने येऊन नोंद खोडली तर तुमचं काम अडलं. मॅनिफेस्टमध्ये तीच नोंद तुम्ही स्वतःच्या प्रोग्रॅमसोबत ठेवता. एक्झी सुरू होताना विंडोज ते मॅनिफेस्ट वाचून अ‍ॅक्टिव्हेशन कॉन्टेक्स्ट तयार करतं, आणि ऑब्जेक्ट मागितला की आधी त्यात शोधतं, तिथे नाही सापडलं तरच रजिस्ट्रीकडे जातं. म्हणून पिंपळगावचा तुमचा त्रास पण यातच सुटतो, दुसऱ्याने रजिस्ट्रेशन पुसलं तरी तुमचा प्रोग्रॅम स्वतःच्या फोल्डरमधली ओसीएक्स उचलणार.

आता आत काय लिहायचं. सगळ्यात वर असेंब्ली टॅग, त्यात असेंब्ली आयडेंटिटी, टाइप विन३२, नाव, व्हर्जन, आणि प्रोसेसर आर्किटेक्चर एक्स८६, कारण व्हीबी सिक्स ३२ बिटच आहे. त्याखाली प्रत्येक डीएलएल किंवा ओसीएक्ससाठी एकेक फाइल टॅग. तुमच्या एमएसकॉमचं उदाहरण घ्या. फाइल टॅगमध्ये एमएसकॉम३२ डॉट ओसीएक्स हे नाव. त्याच्या पोटात एक टाइपलिब टॅग, त्यात टाइप लायब्ररीचा, म्हणजे कंपोनंटमध्ये काय काय आहे त्या वर्णनाचा, आयडी, तिचं व्हर्जन आणि हेल्पडिर, हेल्पडिर रिकामं ठेवलं तरी चालतं पण अ‍ॅट्रिब्यूट लिहावं लागतं. मग कॉमक्लास टॅग, त्यात सीएलएसआयडी महिरपी कंसासकट, टाइप लायब्ररीचा तोच आयडी, प्रोगआयडी म्हणजे कंपोनंटचं वाचता येणारं नाव, इथे एमएसकॉमलिब डॉट एमएसकॉम, आणि थ्रेडिंग मॉडेल अपार्टमेंट. तुम्ही कुठे क्रिएटऑब्जेक्टने नाव देऊन ऑब्जेक्ट बनवत असाल तर प्रोगआयडी विसरू नका, नाहीतर ४२९ एरर येईल, ऑब्जेक्ट बनवता येत नाही अशी. ओसीएक्सला अजून एक लागतं, मिसस्टेटसचं अ‍ॅट्रिब्यूट, कंट्रोल फॉर्मवर कसा वागेल त्याचे फ्लॅग त्यात असतात, ते गाळलं तर प्रोग्रॅम उघडतो पण कंट्रोल विचित्र वागतात आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. इंटरफेसच्या प्रॉक्सी स्टबचे टॅगही असतात, पण ते थ्रेडच्या पलीकडे ऑब्जेक्ट पाठवायचा असेल तर, तुम्हाला नको.

हे हाताने लिहू नका. व्हीबीवाल्यांसाठी मेक माय मॅनिफेस्ट म्हणून जुनं टूल आहे, आणि बिल्डमध्ये आपोआप चालवायचं असेल तर यूएमएमएम, ते ओपन सोर्स आहे. टूल टाइप लायब्ररी वाचून आयडी स्वतः भरतं. सीएलएसआयडीतला एक आकडा चुकला तरी तासन्‌तास जातात.

१४००१ चं म्हणाल तर अंदाज करू नका, ट्रेस काढा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टवर एसएक्सएसट्रेस चालू करा, प्रोग्रॅम उघडून एरर येऊ द्या, ट्रेस बंद करून त्याच कमांडच्या पार्स ऑप्शनने टेक्स्ट फाइल बनवा. त्यात कोणत्या ओळीत काय खटकलं ते सरळ लिहिलेलं असतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन लॉगला साइडबायसाइड सोर्सखाली पण नोंद येते, पण ट्रेस जास्त सविस्तर. आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह आहे ना ते बघा, डिस्क्रिप्शनमध्ये मराठी लिहिलं आणि फाइल जुन्या एएनएसआयमध्ये सेव्ह केली तर एक्सएमएलच मोडतं.

काटापट्टी_नाशिक

दादा खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. ट्रेस काढला, त्यात ओळ आली की असेंब्ली आयडेंटिटीमधल्या व्हर्जनची व्हॅल्यू चालत नाही. नेटवरच्या नमुन्यात १.२ असं दोनच आकड्यांचं व्हर्जन होतं, चार भागांचं केलं, १.२.०.०, पण तरी तीच एरर येतेय. ट्रेसमध्ये पण तीच जुनी ओळ दिसतेय, म्हणजे बदललेली फाइल वाचतच नाहीये असं वाटतंय. फाइल तीच आहे, दोनदा खात्री केली.

सिडको_कोडर

ते कॅशमुळे. व्हिस्टापासून विंडोज एक्झीचं मॅनिफेस्ट लक्षात ठेवतं आणि एक्झीची मॉडिफाइड तारीख बदलली नसेल तर शेजारची फाइल परत वाचत नाही. एक्झी परत कंपाइल करा किंवा तिची तारीख बदला, लगेच उचलेल. मॅनिफेस्टवर काम करताना दर वेळी हे करायची सवय लावा.

यावरून दुसरं सांगतो, शेजारची फाइल ही फक्त तुमच्या टेबलावर प्रयोगापुरती ठेवा. गिऱ्हाइकाला देताना मॅनिफेस्ट एक्झीच्या आतच बसवून द्या. विंडोज एसडीकेमध्ये एमटी नावाचं टूल येतं, मॅनिफेस्ट आणि आउटपुट रिसोर्स असे दोन ऑप्शन, एक्झीसाठी रिसोर्स आयडी १ द्यायचा. शेजारची फाइल कोणीतरी डिलीट करतं, पेनड्राइव्हवर नेताना विसरतं, मग परत ३३९. आतलं आणि बाहेरचं दोन्ही असेल तर हल्लीच्या विंडोजमध्ये आतलंच चालतं हेही लक्षात ठेवा, नाहीतर बाहेरची फाइल बदलत राहाल आणि फरक काहीच पडणार नाही. एक्झीला डिजिटल सही करत असाल तर आधी मॅनिफेस्ट, मग सही, कारण एमटी एक्झी बदलतं आणि आधी केलेली सही मोडते.

आता टेस्टिंग, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या डेव्हलपमेंट मशीनवर हे सगळे कंपोनंट रजिस्टर आहेतच. गोदाकाठ दादांनी सांगितलं तसं मॅनिफेस्टमध्ये नाही सापडलं की विंडोज गुपचूप रजिस्ट्रीकडे जातं, म्हणजे फ्लेक्सग्रिडची नोंद मॅनिफेस्टमध्ये नसली तरी तुमच्याकडे प्रोग्रॅम मस्त चालणार आणि सातपूरला जाऊन पडणार. व्हीबीच्या आयडीईमधून, म्हणजे आपण कोड लिहितो तिथूनच, रन करून तर काहीच कळत नाही, तिथे प्रोसेस व्हीबी६ डॉट एक्झी असते, तुमची एक्झी नाही, त्यामुळे तुमचं मॅनिफेस्ट कोणी बघतच नाही. कोऱ्या विंडोजवरच तपासा. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये विंडोज सँडबॉक्स फुकट आहे, फीचर्समधून चालू करायचं, प्रत्येक वेळी कोरं विंडोज उघडतं आणि बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम एडिशनला नाही, तिथे व्हर्च्युअल मशीन घ्या. सँडबॉक्समध्ये काट्याचा सिरियल पोर्ट मिळायचा नाही, पण सगळे फॉर्म एकेक करून उघडा, पावती पीडीएफवर छापून बघा, रिपोर्ट उघडा. एरर फॉर्म उघडतानाच येते, प्रोग्रॅम सुरू झाला म्हणजे पास असं समजू नका.

तुमच्या स्वतःच्या डीएलएलचं, प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये बायनरी कम्पॅटिबिलिटी आहे का बघा. ती नसेल तर कंपाइल केलं की सीएलएसआयडी बदलू शकतात, आणि मॅनिफेस्टमध्ये जुनेच राहतात. काल चाललेलं आज ४२९ देतं ते बहुतेक यामुळेच.

काटापट्टी_नाशिक

तारीख बदलल्यावर उघडलं! सँडबॉक्समध्ये सुद्धा उघडलं, रजिस्टर काही न करता. फ्लेक्सग्रिडची नोंद खरंच राहिली होती, महिन्याच्या रिपोर्टच्या फॉर्मवरच ग्रिड आहे, तो उघडल्यावर ३३९ आली, सिडको भाऊंनी सांगितलं नसतं तर तो फॉर्म तपासलाच नसता.

पण आता नवीन प्रकार. पिंपळगावच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पीसीवर, जिथे प्रोग्रॅम आधीपासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये आहे, तिथे मॅनिफेस्टवाली एक्झी टाकून बघितली तर प्रोग्रॅम उघडतो पण मागच्या सगळ्या पावत्या गायब. एमडीबी फाइल जागेवर आहे, पण तिच्यात फक्त सुरुवातीच्या टेस्ट एंट्र्या. नवीन पावती करायला गेलो तर डेटाबेस रीड ओन्ली आहे म्हणतो. जुनी एक्झी परत ठेवली तर सगळ्या पावत्या परत दिसतात. व्यापाऱ्याचा जीव वरखाली झाला आणि माझाही. मॅनिफेस्टचा आणि डेटाचा काय संबंध?

द्राक्षबाग_दिंडोरी

दादा घाबरू नका, डेटा कुठेही गेला नाहीये. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये ट्रस्ट इन्फोचा भाग असणार, रिक्वेस्टेड एक्झिक्यूशन लेव्हल, तिथे चालवणाऱ्या युजरच्याच हक्कांनी चालव असं सांगणारं, अ‍ॅज इनव्होकर. टूल तो बऱ्याचदा स्वतःच घालतं. सगळं त्यामुळे होतंय. मी आमच्या इथल्या कोल्ड स्टोरेजच्या जुन्या सॉफ्टवेअरला हेच करून दिलंय म्हणून सविस्तर सांगते, कारण हे कुठे एका जागी लिहिलेलं सापडत नाही.

विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा साध्या युजरला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला बंदी झाली. पण तुमच्यासारखी हजारो जुनी सॉफ्टवेअर तिथेच डेटा लिहायची, ती सगळी बंद पडली असती, म्हणून विंडोजने एक पडदा लावला. ज्या ३२ बिट एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये एक्झिक्यूशन लेव्हल लिहिलेली नाही ती जुनी आहे असं धरायचं, आणि तिने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला की ते लिखाण त्या युजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवायचं. प्रोग्रॅमला वाटतं मी माझ्याच फोल्डरमध्ये लिहितोय. वाचतानाही आधी तिथलीच प्रत दाखवायची. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या खऱ्या पावत्या आजवर व्हर्च्युअलस्टोअरमधल्या एमडीबीमध्ये जात होत्या, आणि प्रोग्रॅम फाइल्समधली एमडीबी इन्स्टॉल केली त्या दिवसापासून तशीच पडून आहे.

मॅनिफेस्टमध्ये अ‍ॅज इनव्होकर लिहिलं की तुम्ही विंडोजला सांगितलं, मी नवीन नियम पाळणारा प्रोग्रॅम आहे. पडदा लगेच बाजूला. आता प्रोग्रॅमला खरी प्रोग्रॅम फाइल्समधली एमडीबी दिसते, ती जुनी, आणि लिहायची परवानगी नाही म्हणून रीड ओन्ली. टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅबवर यूएसी व्हर्च्युअलायझेशनचा, म्हणजे याच पडद्याचा, कॉलम लावून बघा, जुन्या एक्झीला एनेबल्ड दिसेल, नवीनला डिसेबल्ड.

आता नीट ऐका, इथे खरी काळजी घ्यायचीये. व्हर्च्युअलस्टोअर हे प्रत्येक विंडोज युजरचं वेगळं असतं. त्या काट्यावर दिवसाचा आणि रात्रीचा ऑपरेटर वेगवेगळ्या लॉगिनने बसत असतील तर दोघांच्या दोन वेगळ्या एमडीबी तयार झालेल्या असणार, पावती नंबर पण दोन्हीकडे स्वतंत्र चाललेले असणार. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर बघा, सगळ्या प्रती आधी बाजूला कॉपी करून ठेवा, तारीख आणि साइज बघा, आणि एकापेक्षा जास्त निघाल्या तर एकावर एक टाकू नका, एंट्र्या मिळवून घ्याव्या लागतील. शेतकऱ्याच्या हातातल्या पावतीचा नंबर आणि तुमच्या रजिस्टरमधला नंबर जुळला पाहिजे, नंबर नव्याने पाडून भागणार नाही.

मग डेटा कायमचा बाहेर काढा. प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर करा आणि एमडीबी तिथे ठेवा. तिथे साधा युजर फोल्डर बनवू शकतो, पण एकाने बनवलेली फाइल दुसऱ्या साध्या युजरला फक्त वाचता येते, बदलता येत नाही, म्हणून ज्याने फोल्डर बनवला त्याच लॉगिनमधून फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये जाऊन युजर्स ग्रुपला मॉडिफाय द्या. मालक तो असल्यामुळे अ‍ॅडमिन लागत नाही. परवानगी फोल्डरवरच द्या, नुसती एमडीबीवर देऊन चालत नाही, कारण जेट, म्हणजे एमडीबी हाताळणारं इंजिन, शेजारी एलडीबी लॉक फाइल बनवतं आणि तिलाही तिथे बनवता, पुसता आलं पाहिजे.

एक्झिक्यूशन लेव्हलचा टॅग काढून टाकला तर पडदा परत येईल आणि तात्पुरतं चालेल, पण तसं करू नका असं मी सांगेन. टॅग नसला की विंडोज नावावरूनही अंदाज बांधतं, एक्झीच्या नावात अपडेट किंवा सेटअप असा शब्द असेल तर इन्स्टॉलर समजून अ‍ॅडमिन पासवर्ड मागतं, तुमचा अपडेटचा छोटा प्रोग्रॅम असेल तर तो तिथेच अडकेल.

काटापट्टी_नाशिक

ताई काय बोलू, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दोन लॉगिन, दोन एमडीबी. रात्रीच्या माणसाच्या पावत्या महिन्याच्या रिपोर्टला येत नव्हत्या हे व्यापारी बऱ्याच दिवसांपासून सांगत होता आणि कारण सापडत नव्हतं, ते आज कळलं. सगळ्या प्रती काढून घेतल्यात, आता एंट्र्या मिळवायला बसतोय. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पण आधी हेच तपासणार, मगच नवीन एक्झी देणार.

सिन्नर_फाटा

मी कंपनीच्या आयटीमध्ये आहे, तुमच्या सातपूरवाल्यांच्या बाजूने दोन शब्द. फोल्डर कॉपी करून चालणारा प्रोग्रॅम आम्हाला आवडतो हे खरं, पण त्यात जबाबदारी तुमच्याकडे येते ती समजून घ्या. एमएसकॉमसीटीएल तुम्ही स्वतःच्या फोल्डरमध्ये दिलीत की विंडोज अपडेट त्या प्रतीला हात लावत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये याच ओसीएक्सला एमएस१२-०२७ नावाचा सिक्युरिटी पॅच आला होता, त्यातली खोट वापरून ऑफिसच्या फाइलमधून हल्ले व्हायचे. व्हीबी सिक्सच्या जुन्या सीडीवरून उचललेली ओसीएक्स देऊ नका, पॅच झालेलं व्हर्जनच द्या, फाइलच्या प्रॉपर्टीजमधून व्हर्जन बघून कुठेतरी लिहून ठेवा आणि आयटीला द्या. असं कागद देणारा माणूस आला की आमचं काम निम्मं होतं.

दुसरं, मॅनिफेस्टमध्ये सिस्टीमच्या डीएलएल घालू नका. डेटाबेसशी बोलणारं एडीओ, जेट, व्हीबीचा रनटाइम एमएसव्हीबीव्हीएम६०, हे विंडोजसोबतच येतं आणि विंडोज ते सांभाळतं. व्हीबी सिक्सच्या आयडीईचा सपोर्ट २००८ मध्येच संपला पण रनटाइम विंडोज ११ मध्येही आहे. टूल कधी कधी एडीओची डीएलएल पण यादीत दाखवतं, तिची खूण काढायची.

तिसरं, फोल्डर कुठे ठेवणार? ऑपरेटरला लिहिता येईल अशा जागी एक्झी आणि डीएलएल ठेवली तर कोणीही डीएलएल बदलू शकतो, आणि बऱ्याच ठिकाणी कोणते प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारं विंडोजचं अ‍ॅपलॉकर अशा जागेवरून काही चालूच देत नाही. आयटीला सांगा की तुमच्या हाताने एकदा फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये कॉपी करा, रजिस्ट्रेशन काही नाही, सेटअप नाही. प्रोग्रॅम तिथे, डेटा ताईंनी सांगितला तसा प्रोग्रॅमडेटात.

कोणी सुचवेल की एचकेसीयूमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीच्या त्या त्या युजरच्या भागात, फक्त त्या युजरपुरतं रजिस्टर करा, अ‍ॅडमिन लागत नाही. होतं, पण प्रत्येक लॉगिनला वेगळं करावं लागतं आणि प्रोग्रॅम कधी अ‍ॅडमिन म्हणून चालवला तर विंडोज तिकडे बघत नाही. तुमच्या दोन पाळ्यांच्या काट्याला ते नको.

आणि यूएसबी टू सिरियल केबल असेल तर तिचा ड्रायव्हर मॅनिफेस्टने येत नाही, तो आयटीकडूनच टाकून घ्या, आणि पोर्ट नंबर १६ च्या आत ठेवायला सांगा, एमएसकॉम कंट्रोल त्याच्या वरचा नंबर घेत नाही.

अंबड_लेथ

मधेच विचारतो, विषय जवळचाच आहे. आमच्याकडे सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर आहे, मुख्य एक्झी डॉटनेटमध्ये आणि एक जुनी व्हीबीची अ‍ॅक्टिव्हएक्स डीएलएल वापरतो, शिवाय एक अ‍ॅक्टिव्हएक्स एक्झी पण आहे जी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. याला पण हेच करता येईल का?

गोदाकाठ

डीएलएलला हो. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये त्या डीएलएलच्या कॉम रेफरन्सच्या (कॉम म्हणजे ही कंपोनंट जोडायची विंडोजची पद्धत, सिरियल पोर्ट नव्हे) प्रॉपर्टीजमध्ये आयसोलेटेड म्हणून ऑप्शन आहे, ट्रू करा, बिल्ड केल्यावर मॅनिफेस्ट तोच बनवतो. बिल्ड करायच्या मशीनवर मात्र ती डीएलएल रजिस्टर असावी लागते, तिथूनच तो माहिती उचलतो. प्लॅटफॉर्म एक्स८६ ठेवा, एनी सीपीयू ठेवलंत आणि प्रोसेस ६४ बिट झाली तर ३२ बिटची डीएलएल तिच्यात लोड होणारच नाही, आणि तेव्हा क्लास रजिस्टर नाही अशीच एरर येते त्यामुळे माणूस मॅनिफेस्टमध्ये चूक शोधत बसतो.

अ‍ॅक्टिव्हएक्स एक्झीला नाही. हे फक्त प्रोग्रॅमच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये लोड होणाऱ्या कंपोनंटसाठी आहे. एक्झीचं काम डीएलएलमध्ये आणता येत असेल तर आणा, नाहीतर तेवढी एक रजिस्टर करावी लागेल.

अजून एक, तुम्ही डीएलएलसाठी वेगळी असेंब्ली बनवणार असाल, म्हणजे तिचं स्वतंत्र मॅनिफेस्ट आणि एक्झीत फक्त डिपेंडन्सी, तर असेंब्लीचं नाव आणि डीएलएलचं नाव सारखं ठेवू नका. विंडोज आधी त्या नावाची डीएलएल शोधतं आणि तिच्या पोटात मॅनिफेस्ट आहे का बघतं, शेजारच्या मॅनिफेस्ट फाइलकडे नंतर जातं. नाव सारखं असलं की तुमची साधी डीएलएलच आधी सापडते, आत मॅनिफेस्ट नाही म्हणून १४००१. असेंब्लीच्या नावापुढे काहीतरी शेपूट लावा.

अंबड_लेथ

एनी सीपीयूच होतं. धन्यवाद दादा, अ‍ॅक्टिव्हएक्स एक्झीचं बघतो काय करता येतंय.

काटापट्टी_नाशिक

मंडळी, सातपूरचं झालं. आयटीवाल्यांनी फोल्डर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलं, केबलचा ड्रायव्हर पण त्यांनीच टाकला, पोर्ट ११ आलाय. ओसीएक्सच्या व्हर्जनची यादी सिन्नर भाऊंनी सांगितली तशी दिली, त्यांनी काही न विचारता ठेवून घेतली. दोन्ही ऑपरेटरच्या लॉगिनमधून पावत्या करून बघितल्या, नंबर एकाच ओळीत चाललेत. पिंपळगावच्या एंट्र्या मिळवायचं काम अर्धं झालंय, दोन ठिकाणी एकच पावती नंबर दोन वेगळ्या गाड्यांना गेलेला निघालाय, ते गाडी नंबर आणि वेळेवरून वेगळे करतोय. ताई, अशा दुहेरी नंबरांना तुम्ही कोल्ड स्टोरेजला काय केलं होतं, जुना नंबर तसाच ठेवून मागे ए बी लावलं की वेगळा कॉलम केला?

द्राक्षबाग_दिंडोरी

वेगळा कॉलम. छापलेला नंबर आहे तसाच ठेवला, आणि प्रोग्रॅमच्या आतल्या हिशोबासाठी दुसरा आपोआप वाढणारा नंबर घेतला. शोधताना छापलेला नंबर टाकला की दोन्ही एंट्र्या गाडी नंबर आणि तारखेसकट समोर येतात, ऑपरेटर शेतकऱ्याच्या हातातली पावती बघून बरोबर ती निवडतो. ए बी लावू नका, पावतीवर ते छापलेलं नाही, दाखवायला गेलं की वाद होतो.